खतावणींतील एक नवें खातें

जुन्या पेढ्यांवर हिशेबाच्या दोन वह्या मुख्य असत. व्यवहार घडेल त्या क्रमानें उतरावयाचा ती रोजकीर्द, आणि तेच व्यवहार निरनिराळ्या खात्यांखालीं वाटून मांडावयाचे ती खतावणी. रोजकीर्द काय घडलें एवढेंच सांगते. खतावणी उघडली म्हणजे माणूस पैसा कोठें व कशावर खर्च करतो हें पानापानावर दिसूं लागतें. हा भेद ध्यानांत ठेवला, तर अमेरिकेंत बंदुकांच्या खरेदीवरून माजलेल्या एका वादाचें मर्म सहज उमगेल.

न्यूयॉर्क येथें १९५० सालीं डायनर्स क्लबनें आपलें कार्ड काढलें आणि खिशांत पैसे न बाळगतां खर्च करण्याची चाल हळूहळू रूढ झाली. सोय मोठी, परंतु प्रत्येक खरेदीची नोंद तिऱ्हाइताच्या वहींत पडूं लागली. त्या वहीवर हक्क कोणाचा? १९७० सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें जो कायदा केला त्याचें नांव ‘बँक गुप्तता कायदा’. काम मात्र नांवाच्या उलट. बँकांनीं ग्राहकांचे कागद जपून ठेवावे आणि मोठ्या रोख रकमांची खबर सरकारला द्यावी, अशी व्यवस्था त्यानें लाविली.

पुढें जॉर्जिया संस्थानांत मिलर नांवाच्या इसमावर चोरट्या दारूच्या भट्टीचा खटला झाला. सरकारी अधिकाऱ्यांनीं त्याच्या दोन बँकांकडून धनादेश वगैरे कागद मागविले. बँकांनीं ते दाखविले आणि मिलरला त्याची वार्ताही दिली नाहीं. १९७६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध दोन मतांनीं निकाल दिला कीं, हे कागद मिलरचे नव्हत, बँकेचे आहेत; जें आपण होऊन दुसऱ्याच्या हातीं दिलें, त्याच्या गुप्ततेचा हक्क सांगतां येत नाहीं. न्यायमूर्ति ब्रेनन व मार्शल यांना हें मान्य झालें नाहीं. बँकेवांचून आजच्या काळांत संसार चालत नाहीं, मग हें देणें ‘आपण होऊन’ कसें, असा ब्रेनन यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९७८ सालीं काँग्रेसनें ग्राहकाला सूचना देण्याचें बंधन केंद्र सरकारवर घातलें, पण अपवादही पुष्कळ ठेविले.

आतां बंदुकांकडे वळूं. १९६८ च्या कायद्याप्रमाणें परवानेदार विक्रेत्यानें गिऱ्हाइकाची नोंद आपल्या दुकानीं ठेवावयाची असते. आणि १९८६ च्या कायद्याप्रमाणें त्या नोंदी गोळा करून केंद्र सरकारनें बंदूकधारकांची यादी करावयाची नाहीं. म्हणजे रोजकीर्द असावी पण खतावणी नसावी, अशी ही तडजोड होती.

जून २०१६ मध्यें ऑर्लँडो शहरांतील एका क्लबांत एका माणसानें ४९ जणांचे प्राण घेतले. हल्ल्यापूर्वीं त्यानें कार्डांवर वीस हजार डॉलरांहून अधिक खर्च केला होता आणि त्यांत शस्त्रखरेदीही होती. ही नोंद ज्यांच्या वहींत पडत होती, त्यांनीं ती वेळींच वाचली असती तर? हा प्रश्न मृतांच्या आप्तांच्या मनांत आल्यास त्यांना कोण दोष देईल?

कार्डाच्या व्यवहारांत प्रत्येक दुकानास चार आंकडी वर्गांक असतो. बंदुकांचीं दुकानें तोंवर खेळांच्या साहित्याच्या किंवा किरकोळ विक्रीच्या वर्गांत मोडत. शिवणकामगारांच्या संघानें १९२३ सालीं स्थापिलेल्या न्यूयॉर्कच्या अमाल्गमेटेड बँकेनें स्वतंत्र वर्ग मागितला, आणि सप्टेंबर २०२२ मध्यें आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें ५७२३ हा अंक मंजूर केला. रोजकीर्द पूर्वींचीच होती. खतावणींत खातें नवें उघडलें.

या अंकाची शक्ति मर्यादित आहे. तो दुकान सांगतो, वस्तु सांगत नाहीं. बंदुकीच्या दुकानांतून घेतलेली तिजोरी त्याच्या कक्षेंत येते. सर्व जिन्नस विकणाऱ्या मोठ्या दुकानांतून घेतलेली बंदूक येत नाहीं. तरीही वाद पेटला. मोठ्या कार्डकंपन्यांनीं प्रथम होकार दिला, पण मार्च २०२३ मध्यें काम थांबविलें. त्याच वर्षीं फ्लॉरिडा, टेक्सस इत्यादि संस्थानांनीं असा वर्गांक लावण्यास मनाई केली, तर कॅलिफोर्नियानें तो सक्तीचा केला. तेथील दुकानांसाठीं १ मे २०२५ ही मुदत ठरली. एकच कार्ड, एकच अंक. एका सीमेपलीकडे तो कर्तव्य आणि दुसऱ्या सीमेपलीकडे अपराध!

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या रीतीनें सुटला आहे. २००४ सालीं कॅनरा बँकेच्या खटल्यांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें मिलर-निर्णयाचा मार्ग नाकारला. कागद बँकेंत गेला म्हणून माणसाचा खाजगीपणा संपत नाहीं, असें त्यानें ठरविलें. २०१७ सालीं नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खाजगीपणास मूलभूत हक्काचें स्थान दिलें.

माझ्या मतें हाच धागा धरावा. नवें खातें मागणारे जुलमी नव्हेत आणि त्यास विरोध करणारे खुन्यांचे साथी नव्हेत. परंतु आज बंदुकीचें खातें उघडलें, तसें उद्यां औषधांचें, पुस्तकांचें, देणग्यांचेंही उघडतां येतें. म्हणून खातें असावें कीं नसावें यापेक्षां तें कोणी, केव्हां आणि कोणाच्या आज्ञेनें वाचावें, हें आधीं ठरलें पाहिजे. संशयास कारण असेल तर न्यायाधीशापुढें तें मांडावें, हुकूम घ्यावा आणि पान उघडावें. त्यानें पोलिसांचा थोडा वेळ जाईल. परंतु ज्यानें कांहींच अपराध केला नाहीं, त्याच्या घरखर्चाची वही मिटलेली राहील.