शब्दवेध : ‘अदोबो’ आणि ‘सुका’

उकडून सोललेली अंडी सिरका, सोया सॉस, लसूण, काळी मिरी आणि तमालपत्र यांच्या रश्श्यात मंद आचेवर मुरवली जातात, तेव्हा फिलिपीन्समध्ये त्या पदार्थाला ‘अदोबोंग इतलोग’ म्हणतात. तागालोग भाषेत ‘इतलोग’ म्हणजे अंडे. ‘अदोबो’ हा शब्द ‘अदोबार’, म्हणजे मसाल्यात मुरवणे, या स्पॅनिश क्रियापदावरून आला. मात्र ज्या जुन्या फ्रेंच क्रियापदापर्यंत त्याचे मूळ जाते, त्याचा अर्थ योद्ध्याला शस्त्रे चढवून सज्ज करणे असा होता, आणि सज्ज करण्याचा हाच भाव पुढे मांस टिकवण्यासाठी तयार करण्याकडे वळला.

पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने १६१३ च्या आपल्या तागालोग शब्दकोशात या पाककृतीची नोंद ‘स्थानिकांचा अदोबो’ अशा अर्थाने केली, आणि त्या एका विशेषणातच नाव परके असले तरी रीत तिथलीच असल्याची कबुली आहे.

मराठी वाचकाला अधिक जवळचा वाटावा असा शब्द मात्र त्या रश्श्याच्या आंबटपणात दडलेला आहे. नारळ, निपा नावाचा ताड किंवा ऊस यांच्या रसापासून होणाऱ्या सिरक्याला तागालोगमध्ये ‘सुका’ म्हणतात. हा शब्द मलय भाषेतील ‘चुका’मार्गे संस्कृत ‘चुक्र’ म्हणजे आंबट या शब्दापर्यंत पोहोचतो, आणि आपल्या मंडईतील आंबट चुक्याचे नावही त्याच ‘चुक्र’चे अपत्य आहे.