तेरावी-चौदावीचा खर्च कोणी उचलायचा?

२०२४च्या मार्चमध्ये एका रविवारी मी पुण्याहून इचलकरंजीला गेलो, ते एका कागदासाठी. पॉवरलूमच्या एका कारखान्याच्या मालकाकडून मला लिहून आणायचं होतं, की अमुक माणूस २०२२ साली आमच्याकडे कामाला होता आणि त्याचा वर्षाचा पगार इतका इतका होता. हा कागद जाणार होता कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात. मालकांनी चष्मा वर करून विचारलं, "अमेरिकेच्या कॉलेजला माझ्या शिक्क्याचं काय काम?"

तो अमुक माणूस म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे त्यांना मामाच म्हणतात. त्यांच्या थोरल्या भावानं फार वर्षांपूर्वी भरलेला अर्ज एकदाचा मंजूर झाला, आणि २०२३च्या मे महिन्यात ते, आत्या आणि माझी आतेबहीण असे तिघं ग्रीन कार्डवर तिकडे गेले. मामा गोदामात लागले, आत्या एका किराणा दुकानाच्या स्वयंपाकघरात पोळ्या करते. बहिणीनं तिथल्या हायस्कूलमध्ये बारावी केली आणि एका रात्री मला व्हिडिओ कॉल लावला. "दादा, तू कॉम्प्युटरवाला ना? हा फॉर्म बघ जरा."

फॉर्मचं नाव फॅफ्सा. तिथल्या केंद्र सरकारकडून शिक्षणासाठी कुठलीही मदत हवी असेल, तर आधी हा फुकटचा अर्ज भरावा लागतो. मी सवयीनं आधी चुका शोधायला लागलो. मग प्रश्न असे का आहेत हे शोधायला लागलो आणि तिथून थेट इतिहासात शिरलो. गेलं वर्षभर मी त्यातून बाहेर आलेलो नाही.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, त्या त्या भागातलं, सहसा प्रवेशपरीक्षा नसलेलं सरकारी कॉलेज. नर्सिंग, वेल्डिंग, अकाउंटिंग शिका, नाहीतर दोन वर्षं करून चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जा. यातलं आज चालू असलेलं सर्वांत जुनं सरकारी कॉलेज १९०१ साली शिकागोजवळच्या जोलिएट गावात सुरू झालं. हायस्कूलच्याच इमारतीत सहा मुलांना घेऊन पुढची दोन वर्षं शिकवायची, म्हणजे अक्षरशः तेरावी-चौदावी. त्याच १९०१ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण दोन्हीकडे ओळखलेली अडचण एकच आहे. फी माफ केली तरी मुलगा राहणार कुठं आणि जेवणार काय? जोलिएटचं उत्तर होतं, की घरीच राहू दे, कॉलेज घराजवळ आणू. कोल्हापूरचं उत्तर होतं, की मुलाला शहरात आणू आणि राहण्या-जेवणाची सोय करू. अमेरिकेला हा दुसरा प्रश्न नीट दिसायला बराच वेळ लागला, आणि अजूनही पुरता दिसलाय असं मला वाटत नाही.

तो पहिल्यांदा दिसला तो युद्धामुळे. २२ जून १९४४ रोजी रूझवेल्टनी ज्या कायद्यावर सही केली त्याला जीआय बिल म्हणतात. परत आलेल्या सैनिकाला वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी आणि पुस्तकं, शिवाय एकट्याला महिना ५० डॉलर आणि कुटुंब असेल तर ७५ डॉलर खर्चाला. यातून २२ लाखांच्या आसपास माणसं कॉलेजात गेली. हा महिन्याचा भत्ता मला फीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थी पोटानंही जगतो, हे सरकारनं तिथं कबूल केलं. मात्र अंमलबजावणी स्थानिक लोकांच्या हातात होती. दक्षिणेत काळ्या सैनिकांसाठी बहुतेक कॉलेजांची दारं बंदच होती, आणि जी उघडी होती तिथं जागा पुरत नव्हती. कायद्यात रंग लिहिलेला नव्हता, पण खिडकीपलीकडच्या माणसाला तो दिसत होता.

१९४६ साली ट्रुमननी उच्च शिक्षणावर आयोग नेमला. जॉर्ज झूक त्याचे अध्यक्ष होते. १९४७च्या डिसेंबरपासून अहवालाचे सहा खंड आले. त्यात म्हटलं होतं, की तेरावी-चौदावी सगळ्यांसाठी मोफत असावी आणि त्यासाठी गावोगावी कम्युनिटी कॉलेजं काढावीत. 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द रुळला तो या अहवालामुळेच. कॉलेजं निघालीही. साठच्या दशकात तर ती भराभर निघाली. 'मोफत' हा शब्द मात्र मागे पडला.

पुढचा टप्पा लिंडन जॉन्सन यांचा. हा माणूस स्वतः टेक्सासमधल्या सॅन मार्कोसच्या कॉलेजात झाडलोट करून शिकलेला. मध्ये पैशासाठी शिक्षण थांबवून कोटुला गावात मेक्सिकन मुलांच्या शाळेत मास्तरकी केलेला. १९६४च्या गरिबीविरोधी कायद्यात त्यांनी वर्क-स्टडी आणली. कॉलेजातच काही तास काम करायचं आणि मजुरीचा मोठा वाटा केंद्र सरकारनं द्यायचा. सातारा-कोल्हापूरकडच्या माणसाला हे नवं वाटणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होती. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी जॉन्सननी उच्च शिक्षण कायद्यावर सही केली, तीही सॅन मार्कोसला जाऊन, आपल्याच कॉलेजात. या कायद्यानं गरीब मुलांसाठी अनुदान आणलं, पण ते कॉलेजच्या हातून. कोणाला द्यायचं ते कॉलेजनं ठरवायचं.

इथं मला माझं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष आठवलं. फी-सवलतीला मी पात्र होतो. कॉलेजनं सांगितलं, आधी पूर्ण फी भरा, सरकारकडून आली की परत देऊ. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वडिलांचे चार दिवस गेले, म्हणजे चार दिवसांची मजुरी गेली. शेवटी त्यांनी पतपेढीतून कर्ज काढलं. सवलतीचे पैसे आले तेव्हा मी तिसऱ्या वर्षाला होतो. व्याज कोणी परत दिलं नाही. मदत किती आहे यापेक्षा ती कोणाच्या हातून येते आणि कधी येते, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून १९७२चा वाद वाचताना मी ताठ बसलो. प्रश्न असा होता, की केंद्राचे पैसे थेट कॉलेजांना द्यायचे की विद्यार्थ्याला? कॉलेजांच्या संघटनांना अर्थातच ते स्वतःकडे हवे होते, आणि प्रतिनिधिगृहात एडिथ ग्रीन त्यांच्या बाजूनं होत्या. सिनेटमध्ये ऱ्होड आयलंडचे क्लेबॉर्न पेल म्हणत होते, विद्यार्थ्याला द्या, तो नेईल तिकडे पैसे जातील. पेल जिंकले. २३ जून १९७२ला निक्सननी सही केली. १९८०मध्ये या अनुदानाला पेल यांचंच नाव मिळालं. पेल ग्रँट म्हणजे फेडावं न लागणारं अनुदान, आणि कम्युनिटी कॉलेजातल्या गरीब मुलाचा आजही तोच मुख्य आधार आहे.

सुरुवात किरकोळ होती. १९७३-७४ला जास्तीत जास्त ४५२ डॉलर, तेही फक्त पहिल्या वर्षाच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांना. शिवाय कायद्यात एक खुबी होती, की अनुदान शिक्षणाच्या एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त द्यायचं नाही. कागदावर हे न्याय्य दिसतं. पण महागड्या कॉलेजातल्या मुलाला ही अट लागतच नाही, कारण त्याच्या खर्चाचा निम्मा भाग अनुदानापेक्षा मोठाच असतो. कात्री लागते ती स्वस्त कॉलेजात जाणाऱ्याला, म्हणजे सगळ्यात गरिबाला. ही निम्म्याची अट पुरती निघायला वीस वर्षं लागली. १९९२च्या सुधारणांनी आठवड्याला एक-दोनच विषय घेणाऱ्यांनाही पेलचा दरवाजा उघडला, आणि फुकटचा सामायिक अर्ज, म्हणजे आपला फॅफ्सा, तेव्हाच आला.

कॅलिफोर्नियाची गोष्ट वेगळी आणि थोडी वाईट आहे. तिथं कम्युनिटी कॉलेजला फीच नव्हती. पैसा मुख्यतः स्थानिक मालमत्ता करातून यायचा. १९७८मध्ये लोकांनी मतदानानं प्रपोझिशन १३ मंजूर केलं आणि तो कर एकदम घसरला. १९८४ला फी आली, सेमिस्टरला जास्तीत जास्त ५० डॉलर. सोबत गरिबांसाठी फीमाफीही आली. आज तिचं नाव कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट. सध्या फी प्रत्येक युनिटला ४६ डॉलर आहे. पूर्णवेळ म्हणजे १२ युनिट, म्हणजे सेमिस्टरला ५५२ डॉलर. माझ्या बहिणीची ती पूर्ण माफ झाली.

"मग पेल कशाला हवं?" आत्यानं विचारलं. तिला भीती होती, की सरकारी पैसा घेतला तर उद्या सिटिझनशिपला अडेल. अडत नाही. शिक्षणाचं अनुदान त्या हिशेबात धरत नाहीत. आणि पेल हवं ते पोटासाठी. फी माफ झाल्यामुळे पेलची रक्कम पुस्तकं, बस, भाडं यांसाठी हातात येते.

इथंच 'मोफत कॉलेज'च्या अलीकडच्या घोषणांकडे नीट बघायला हवं. टेनेसी प्रॉमिस ही त्यातली गाजलेली योजना. २०१४ला कायदा झाला, २०१५ला पहिली तुकडी आली. बारावी झालेल्या कोणालाही कम्युनिटी कॉलेजची फी नाही. पण हिशेब असा, की आधी पेल आणि इतर मदत मोजायची, त्यातून फी भागली नाही तर उरलेली योजना देणार. गरीब मुलाची फी पेलमधूनच भागलेली असते, म्हणजे योजनेचे पैसे जातात बऱ्या घरातल्या मुलाला. तरी मी या योजनेला मोडीत काढणार नाही. 'फी नाही' हे दोन शब्द ऐकून असंख्य मुलांनी अर्ज तरी भरला, आणि अर्ज भरल्यावरच त्यांना पेल आहे हे कळलं.

पुन्हा अर्जावरच आलो. फॅफ्सात शंभरावर प्रश्न होते. २०२०च्या डिसेंबरमध्ये तो सोपा करायचा कायदा झाला. एरवी ऑक्टोबरमध्ये उघडणारा नवा फॉर्म उघडला ३० डिसेंबर २०२३ला, आणि तोही अधूनमधून. पालकांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर मुलांचा अर्ज पुढेच सरकेना. महागाईचा गुणक हिशेबात घालायचा राहून गेला होता, तो दुरुस्त करण्यात आणखी आठवडे गेले. मी रोज सॉफ्टवेअर लिहितो, उशिरा होणारे रिलीज मला नवे नाहीत. पण माझ्या बगमुळे कोणाचं वर्ष अजून बुडालेलं नाही.

मामा-आत्यांकडे नंबर होते, त्यामुळे बहीण सुटली. तिची अडचण निराळी होती. फॅफ्सा दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न विचारतो. २०२४-२५साठी २०२२चं. आणि २०२२ला मामा इचलकरंजीत लूमवर होते. वर्षाचे दोन लाख चाळीस हजार रुपये, म्हणजे डॉलरमध्ये करून सुमारे तीन हजार. ज्या पगारावर इथं घर चालत होतं, तो आकडा त्या चौकटीत भरताना ती म्हणाली, "दादा, एक शून्य राहिलं का रे?"

नव्या पद्धतीत कुटुंबाच्या ऐपतीचा आकडा शून्याच्याही खाली, उणे १५००पर्यंत जातो. तिचा तेवढाच आला. म्हणजे पूर्ण पेल, वर्षाला ७,३९५ डॉलर. पण कॉलेजनं पडताळणी लावली. पगाराचा पुरावा हवा. मामांनी कधी रिटर्न भरलाच नव्हता, कारण कर लागतच नव्हता. म्हणून मी त्या रविवारी शिक्क्यासाठी गेलो होतो. मालकांनी लेटरहेड शोधलं, लिहून दिलं, आणि चहाही पाजला. माझ्या वडिलांचे जे चार दिवस गेले होते, ते माझ्या अर्ध्या दिवसात भागले.

तुमच्यापैकी कोणी एफ-१ व्हिसावर शिकायला निघालं असेल किंवा एच-४वर तिकडे असेल, तर यातली केंद्राची मदत तुम्हाला नाही. ती नागरिकांना, ग्रीन कार्डवाल्यांना आणि निर्वासितांसारख्या काही मोजक्यांना आहे. आणि फॅफ्सा भरून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

ऑक्टोबरमध्ये बहिणीचा पुन्हा फोन आला. भाडं वाढलं होतं आणि आत्या म्हणत होती, एक विषय सोड आणि दुकानात आठवड्याला एक शिफ्ट घे. आम्ही हिशेब मांडला. १२चे ९ युनिट झाले, तर पुढच्या सेमिस्टरपासून पेल पाव भागानं कमी, म्हणजे सेमिस्टरला सव्वानऊशे डॉलरच्या आसपास. सहा तासांची एक शिफ्ट, ताशी १६ डॉलर, सोळा आठवडे, म्हणजे पंधराशेच्या वर. पेल एकूण बारा सेमिस्टरइतकं मिळतं, तेव्हा न घेतलेला भाग पुरता बुडतही नाही. गणित शिफ्टच्या बाजूनं येत होतं आणि मला ते आवडत नव्हतं. तिकडचे बहुसंख्य विद्यार्थी अर्धवेळ का शिकतात, हे मला त्या कॉलवर समजलं. मी एवढंच म्हणालो, की कॉलेजच्या ऑफिसात वर्क-स्टडीची चौकशी कर. ती कमाई पुढच्या वर्षीच्या हिशेबात धरत नाहीत.

दोन आठवड्यांनी तिचा मेसेज आला. ग्रंथालयात आठवड्याला आठ तास मिळालेत, विषय चारही ठेवलेत, आणि आत्या दोन दिवस बोलली नाही.