कारंज्याचे नरसिंह सरस्वती आणि गोष्टीतल्या बाया

आपल्या वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. त्यांचा जन्म इ. स. १३७८ च्या सुमारासचा. वडील माधव, आई अंबा. पाळण्यातलं नाव नरहरी.

गुरुचरित्र सांगतं, की हे लेकरू मुंजीपर्यंत ‘ॐ’ शिवाय काही बोललं नाही. मुंजीत आईनं पहिली भिक्षा घातली आणि त्याच्या तोंडून वेद निघाले. मग त्यानं काशीला जायची परवानगी मागितली. आई रडली. तिला आणखी लेकरं होईपर्यंत तो थांबला, तीस वर्षांनी भेटायचा शब्द दिला, आणि तो पाळलाही. संन्यासी होऊन कारंज्याला आले, तेव्हा आईवडिलांसोबत बहीण रत्नाईही भेटली.

पुढे औदुंबर, नरसोबाची वाडी, मग गाणगापूर. प्रत्येक ठिकाणी नदीकाठ आणि एकांत. गाणगापुरातही आधी ते भीमा-अमरजेच्या संगमावर राहत. एकदा एका गरीब घरी ते भिक्षेला गेले. नवरा बाहेर, घरात दाणा नाही. त्यांनी दूध मागितलं. बाई म्हणाली, म्हैस वांझ आहे, माती वाहायला भाड्यानं देतो, त्यावर पोट भरतो. ते म्हणाले, दोहून तर पहा. तिनं दोहलं, भांडी भरली. ही बातमी पसरली आणि गावानं त्यांना मानानं मठात आणलं.

१४५८ च्या सुमारास ते गाणगापूर सोडून श्रीशैलाकडे गेले. तो दिवस माघ वद्य प्रतिपदा, म्हणून गुरुप्रतिपदा. कारंज्याचं जन्मस्थान मात्र बराच काळ विस्मरणात होतं. टेंबे स्वामींनी ते पुन्हा ओळखून दिलं आणि १९३४ मध्ये तिथं गुरुमंदिर उभं राहिलं.

आता एक विचार करा. या चरित्रात पहिली भिक्षा आईची, आणि संगमावरच्या संन्याशाची ओळख गावाला झाली ती एका गरीब बाईच्या दुधानं. तरी अनेक घरांत सांगतात, बाईनं गुरुचरित्र वाचू नये, फक्त ऐकावं. ज्यांची श्रद्धा तशी, त्यांचा मान ठेवू. पण गोष्ट सांगायला तर कुणाची ना नाही. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, की एकीनं ही म्हशीची गोष्ट सांगावी. मग सगळ्यांनी बोलावं, की त्या घराचा संसार खरा कुणाच्या कष्टावर चालला होता.