सिंधूकाठचा माणूस आणि यामागुचीचे पूर्वज

दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'तील तिसऱ्या खंडाच्या एकोणिसाव्या सर्गात सिंधू नदीच्या काठी जन्मलेल्या एका माणसाचा विचार केलेला आहे. ख्रिस्ताचे नावही त्याच्यापर्यंत पोहोचलेले नाही, त्याचे आचरण निर्दोष आहे, आणि तो बाप्तिस्म्यावाचून मरण पावतो. त्याला दोषी ठरवणारा न्याय कोणता, असा हा प्रश्न. (भारतात ख्रिस्ती वस्ती दान्तेच्या कितीतरी आधीपासून होती, परंतु त्याच्या भूगोलात सिंधू म्हणजे जगाचे टोक.) दान्ते याचे सरळ उत्तर देत नाही. मात्र पुढच्याच सर्गात ख्रिस्तपूर्व ट्रॉयचा रिफेउस स्वर्गात दिसतो, आणि वाचकाचा गोंधळ वाढतो.

धर्मशास्त्राने या प्रश्नाचे दोन भाग केले होते. विश्वास न ठेवणे हे एक पाप, आणि विश्वास नसलेल्याने केलेली इतर पापे वेगळी. ज्यांनी ख्रिस्ताविषयी काहीच ऐकलेले नाही त्यांचा अविश्वास हे पाप नव्हे, त्यांना दंड होतो तो इतर पापांमुळे, असे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने म्हटले. या इतर पापांची जबाबदारी कशी येते, याचे उत्तर पौलाच्या रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात होते : नियमशास्त्र नसलेल्यांच्याही अंतःकरणात नियम कोरलेला असतो. १५३९ साली सालामांका येथे फ्रान्सिस्को दे व्हितोरिया याने हीच भेदरेषा अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या बाजूने वापरली. पुराव्यावाचून नुसती घोषणा ऐकून त्यांनी विश्वास ठेवला नाही, तर ते पाप ठरत नाही. मग त्या कारणावरून त्यांच्याशी युद्ध कसे करता येईल?

ग्रंथातील ही भेदरेषा माणसांसमोर मांडताना काय होते, हे फ्रान्सिस झेवियरच्या पत्रात दिसते. जपानहून परतल्यावर जानेवारी १५५२ मध्ये त्याने ते कोचीनहून लिहिले. यामागुची येथील लोकांची शंका दान्तेचीच होती. फरक एवढाच, की त्यांचा सिंधूकाठचा माणूस कल्पित नव्हता, तो त्यांचा आजा-पणजा होता. देव दयाळू असेल तर त्याने इतकी शतके आमच्या पूर्वजांना स्वतःची ओळख का दिली नाही? झेवियरचे उत्तर पौलाच्या वळणाचे आहे : चीनमधून धर्म येण्यापूर्वीही हत्या व चोरी वाईट आहे हे जपानी लोक जाणत होतेच, रानात एकटा वाढलेला माणूसही ते जाणतो.

या युक्तिवादात मोठा सन्मान दडलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. जपानी माणसाचा सदसद्विवेक युरोपीय माणसाइतकाच पूर्ण आहे, असे तो गृहीत धरतो. पण हा सन्मान येथे आरोपपत्रासारखा काम करतो. विवेक होता, म्हणून पूर्वज दोषी. आणि दोषी, म्हणून नरकात. नवख्रिस्ती प्रार्थना व दानधर्म करून त्यांना सोडवता येईल का, असे विचारत. श्राद्धाची परंपरा जाणणाऱ्या भारतीय वाचकाला या विचारण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. उपाय नाही, असे झेवियरने सांगितले. ते रडत, आणि त्यांना रडताना पाहून आपल्यालाही दुःख होते, असे तो लिहितो. सिद्धान्ताच्या इतिहासात ही कबुली सहसा नोंदली जात नाही.

१९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'लुमेन जेन्तियुम' या दस्तऐवजाच्या सोळाव्या परिच्छेदात तोच सदसद्विवेक पुन्हा आधाराला घेतला. स्वतःचा दोष नसताना ख्रिस्ताविषयी अजाण राहिलेला, परंतु प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेणारा आणि विवेकाच्या हाकेनुसार वागणारा माणूस तारणास पोहोचू शकतो, असे तेथे म्हटले आहे. यामागुचीच्या लोकांना हे ऐकायला मिळाले नाही.