कासवाचं वय सांगणार कोण?

नारायणगडाच्या माळावर सरडा दिसला तर त्याचं वय किती असेल हे कुणी विचारत नाही. आपल्या बीड जिल्ह्यात सरड्याचा विषय त्याच्या धावेपर्यंत, म्हणजे कुंपणापर्यंतच जातो. पण कासव म्हटलं की प्रत्येकाला वय आठवतं. शंभर वर्षं, दोनशे वर्षं, कुणी तर तीनशेही सांगतं. का बुवा? कासवाला खरंच म्हातारपण येत नाही? आणि येत नसेल तर हे कळलं कसं?

आधी पुराव्याचं बघू. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात 'अद्वैत' नावाचं महाकाय कासव होतं. ते मार्च २००६ मध्ये मेलं तेव्हा पेपरांत बातमी होती की त्याचं वय अडीचशेच्या आसपास असावं आणि ते एकेकाळी रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेत होतं. कथा झकास आहे, पण तिला आधार देणारा सलग कागद नाही. त्याच्या उलट दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावरचा जोनाथन. तो १८८२ साली सेशेल्सहून तिथे आणला गेला तेव्हाच पूर्ण वाढलेला होता, आणि १८८६ सालच्या एका फोटोत तो दिसतो. पूर्ण वाढायला पन्नासेक वर्षं लागतात असा हिशोब धरून त्याचा जन्म १८३२ च्या सुमाराचा मानतात. जन्मसाल अंदाजाचं असलं तरी फोटो खरा आहे. अद्वैत आणि जोनाथन यांच्यातला फरक वयाचा नाही, नोंदीचा आहे!

आता थोडी थिअरी. म्हातारपण येतंच का, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. 'यंत्र झिजतं' हे उत्तर पुरत नाही, कारण शरीर स्वतःची दुरुस्ती करू शकतं. एका पेशीपासून अख्खा प्राणी उभा करणाऱ्या निसर्गाला तयार प्राणी नुसता सांभाळणं जड का जावं? १९५२ साली पीटर मेडावरने उत्तर मांडलं की जंगलात बहुतेक प्राणी म्हातारे व्हायच्या आधीच कुणाच्या तरी तोंडी जातात. त्यामुळे उशिरा उपद्रव देणारा दोष निवडीच्या चाळणीतून सुटतो आणि पिढ्यानपिढ्या साठत जातो. १९५७ साली जॉर्ज विल्यम्सने पुढचं पाऊल टाकलं. तो म्हणाला, काही जनुकं तरुणपणी फायद्याची आणि म्हातारपणी तोट्याची असतात, आणि निसर्ग ती आनंदाने ठेवून घेतो.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच पटतं. कोबोलवाल्यांनी वर्ष दोन आकड्यांत लिहिलं, कारण तेव्हा मेमरी महाग होती आणि तो प्रोग्राम २००० सालापर्यंत चालेल असं कुणाला वाटलं होतं? त्या वेळी तो शहाणपणाच होता. बिल आलं ते तीस वर्षांनी. (त्या बिलावर आपल्याकडच्या किती जणांची घरं उभी राहिली हा वेगळा विषय. असो.)

विल्यम्सच्या त्याच लेखात आणखी एक भाकीत होतं. ज्यांना बाहेरून मरण येण्याचा धोका कमी, ते सावकाश म्हातारे व्हायला हवेत. आणि जे प्राणी आयुष्यभर वाढत राहतात, ज्यांची पिल्लांची संख्याही वयाबरोबर वाढते, त्यांच्यात म्हातारपण आणखी उशिरा यायला हवं. म्हणजे थेट सरपटणाऱ्या प्राण्यांकडेच बोट! माणूस, उंदीर, पक्षी यांच्यावर ढीगभर काम झालं, पण खरी परीक्षा साप-कासवांकडे होती आणि तिकडे बरीच वर्षं फारसं कुणी गेलं नाही. कारण उघड आहे. रानातला एकच साप दरवर्षी पकडून ओळखायचा, आणि असं वीस-तीस वर्षं करायचं!

हे काम कॅलिफोर्नियातल्या ईगल लेक परिसरात झालं. स्टीव्हन अर्नोल्डने १९७० च्या दशकात तिथल्या गार्टर सापांचा अभ्यास सुरू केला आणि पुढे अ‍ॅन ब्रॉनिकोव्स्की या उत्क्रांती-परिसंस्थेच्या अभ्यासक बाईंनी तो हातात घेतला. जात एकच, पण जगण्याच्या तऱ्हा दोन. तळ्याकाठचे साप झपाट्याने वाढतात, दोन-तीन वर्षांत वयात येतात, पिल्लं जास्त घालतात आणि लवकर मरतात. थोड्या उंचावरच्या कुरणांतले साप हळू वाढतात, पाच-सात वर्षांनी वयात येतात, एका वेळी थोडी पिल्लं देतात आणि जास्त जगतात. वाढीतला हा फरक नुसता खाण्यापिण्याचा नाही, आनुवंशिक आहे.

२००७ साली अमांडा स्पार्कमन, अर्नोल्ड आणि ब्रॉनिकोव्स्की यांनी या सापिणींच्या विणीचा हिशोब मांडला. वय वाढलं की वीण घटेल अशी पाठ्यपुस्तकी अपेक्षा. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या सापिणींची वीण वयाबरोबर वाढत गेली, अगदी शेवटच्या वयातसुद्धा. फसलेली पिल्लंही वाढली, पण एकूण विणीतलं त्यांचं प्रमाण तेवढंच राहिलं. आपल्याला ओळखीचं म्हातारपण यात सापडत नाही.

मग कासवं अजरामर का? तर नाही. याच ब्रॉनिकोव्स्कीबाई २०१६ मध्ये आणखी एका अभ्यासात होत्या. फ्रेडरिक जॅन्झनने १९८८ पासून मिसिसिपीकाठी इलिनॉयमध्ये पेंटेड जातीच्या कासवांच्या नोंदी ठेवल्या होत्या. वीस-पंचवीस वर्षांचे आकडे एकत्र केल्यावर दिसलं की या कासविणी म्हाताऱ्या होतात, वयाबरोबर त्यांचं जगणं आणि प्रजनन दोन्ही उतरतं. चार-पाच वर्षं बघून अभ्यास थांबवला असता तर हे दिसलंच नसतं. जून २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात ११४ शास्त्रज्ञांनी मिळून ७७ जातींच्या सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांचा ताळेबंद मांडला. त्यातून कळलं ते असं: सरसकट नियम नाही, पण कवच, विष अशी संरक्षणाची साधनं असलेले प्राणी साधारणपणे सावकाश म्हातारे होतात, आणि काही जातींत म्हातारपण जवळजवळ दिसतच नाही. 'दिसत नाही' म्हणजे मरण नाही असं नव्हे. मरण आहेच, फक्त त्याची शक्यता दरवर्षी वाढत जात नाही.

या सगळ्याच्या मुळाशी काय आहे? कवचावरच्या खाचा. अमेरिकेतल्याच मिशिगनच्या एका राखीव जंगलात १९५० च्या दशकापासून कासवांच्या कवचाच्या कडेला ठरावीक जागी खाचा पाडतात. '३आर११एल' या नावाची एक कासवीण १९५४ साली पहिल्यांदा नोंदवली गेली आणि २०१६ साली पुन्हा सापडली, तेव्हा तिचं वय कमीत कमी ८३ होतं. तिला पहिली खाच पाडणारा माणूस निवृत्त होऊन किती वर्षं झाली असतील! डेटाबेसवाल्यांच्या भाषेत खाच म्हणजे प्रायमरी की. ती नसेल तर बाकीचे सगळे रकाने फुकट.

आता आपल्याकडे वळू. प्रजननावर आपल्या शेजारी चांगलं काम झालं आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात सैदापूर, शानभाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं आपल्या साध्या बागेतल्या सरड्याचा अभ्यास केला. त्यात एक गोष्ट मला फार आवडली. अंडी घालायला योग्य माती मिळाली नाही, तर मादी तयार अंडी पोटातच नेहमीपेक्षा कितीतरी जास्त काळ धरून ठेवू शकते. हाच सरडा नारायणगडाच्या माळावरही असतो, आणि तिथली माती पावसाशिवाय कशी असते हे बीडच्या माणसाला सांगायला नको.

वयाची गोष्ट मात्र कोकणात न्यावी लागते. रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास, म्हणजे नाना फडणवीसांचं गाव. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडाची पाहणी करत किनाऱ्याने फिरत होते. वेळासला त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केली तर कळलं, इथे कासविणी येतात आणि माणसं अंडी उकरून नेतात. त्याच हंगामात गावकऱ्यांना सोबत घेऊन ५० घरटी वाचवली आणि २,७३४ पिल्लं समुद्रात सोडली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. अंडी कुंपणातल्या वाळूत पुरायची, पन्नासेक दिवस राखण करायची, आणि ऊन जास्त झालं तर काळजी करायची, कारण ऑलिव्ह रिडले कासवांत पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू तापली की माद्याच माद्या!

पण त्या २,७३४ पिल्लांचं पुढे काय झालं? तळहातावर मावणाऱ्या पिल्लाला टॅग कसा लावणार? वयात यायला त्यांना साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात. त्यातली वाचलेली एखादी आज वेळासला परत येऊन अंडी घालून जात असेल, तरी राखण करणाऱ्याला ती अनोळखीच. २५ जानेवारी २०२२ ला वेळासच्या किनाऱ्यावर 'प्रथमा' नावाच्या कासविणीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवला गेला, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा पहिलाच. तो ती कुठे जाते हे सांगतो. ती किती वर्षांची आहे हे नाही.

मग जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला एक कासवीण अंडी घालायला आली. तिच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायावर धातूची पट्टी होती, नंबर ०३२३३. शोध घेतल्यावर कळलं की ही पट्टी २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली. पूर्वेकडची कासवीण लंकेला वळसा घालून साधारण साडेतीन हजार किलोमीटरवर पश्चिमेला अंडी घालते हे त्या एका नंबरामुळे समजलं. त्याआधी दोन किनाऱ्यांच्या कासवांचा असा संबंध असेल हे कोण छातीठोकपणे सांगू शकत होतं?

०३२३३ चं वय आजही माहीत नाही. २०२१ साली ती वयात आलेली होती, एवढंच. पण तिच्या रकान्यात आता दोन तारखा आहेत आणि त्यांच्यातलं अंतर चार वर्षांचं आहे. ईगल लेकची सुरुवातसुद्धा याहून फार मोठी नव्हती. आता ती पट्टी गळून पडू नये, आणि पुढच्या खेपेला ती जिथे येईल तिथे रात्री बॅटरी घेऊन फिरणारा कुणीतरी जागा असावा.