विनतेची घाई

अमरावतीहून नागपुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर, तिवसा तालुक्यांत, मोझरी हें गांव आहे. १९३५ सालीं तुकडोजी महाराजांनीं येथें गुरुकुंज आश्रम स्थापन केला, तेव्हांपासून गुरुकुंज मोझरी या जोडनांवानेंच तें ओळखलें जाऊं लागलें. गेल्या वैशाखांत आम्ही त्या बाजूस गेलों असतां गांवाबाहेरील एका शेतकऱ्याच्या घरीं दुपार काढण्याचा प्रसंग आला. ओसरीवर पुठ्ठ्याचें एक खोकें ठेविलेलें होतें. त्यांत विजेचा एक लहानसा दिवा, एक उष्णतामापक, पाण्याची वाटी आणि बारा अंडीं होतीं. घरांतील शाळकरी मुलानें हें उबवणीचें यंत्र स्वतःच्या हातानें बनविलें होतें, आणि तो दिवस एकविसावा होता. एका अंड्याच्या कवचावर पहाटे चांदणीसारखी बारीक चीर पडली होती. आंतून क्षीण चिवचिव ऐकूं येत होती. परंतु दुपार टळली तरी चीर होती तेवढीच राहिली. अखेर मुलाच्यानें राहवेना. नखानें कवच सोलावें म्हणून त्यानें हात पुढें केला, तोंच कोपऱ्यांत बसलेली आजी म्हणाली, “हात नोको लावू रे बाबू. त्याचं त्याले निघू दे.”

मुलगा थांबला, पण आजीचें म्हणणें पटलें म्हणून नव्हे, तर आजीच्या धाकानें. त्याच्या चेहऱ्यावरील तळमळ पाहून आम्हांस आमचें बालपण आठवलें. असेंच एक अंडें आम्हीं दयेपोटीं सोललें होतें. पिलूं बाहेर आलें खरें, परंतु त्याच्या बेंबीशीं बलकाची पिशवी लोंबत होती आणि फाटलेल्या पडद्यांतून रक्त वाहत होतें. दिवस मावळण्यापूर्वींच तें मेलें. दया केली असतां जीव कां जावा, हें कोडें त्या दिवसापासून आमच्या मनांत घर करून आहे. मोझरीहून परतल्यावर त्याचा छडा लावावा म्हणून आम्हीं या विद्येचा इतिहास धुंडाळला. त्यांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्याकडील एक फार जुनी साक्ष महाभारताच्या आदिपर्वांत आहे. कद्रू आणि विनता या कश्यपाच्या दोन भार्या. कद्रूनें एक हजार नागपुत्र मागितले. विनतेनें दोनच, परंतु ते कद्रूच्या पुत्रांहून बलवान असावे असा वर मागून घेतला. दोघींचीं अंडीं दासींनीं वाफेनें ऊबदार राखलेल्या भांड्यांत ठेविलीं. ५०० वर्षें लोटल्यावर कद्रूचे पुत्र बाहेर आले, विनतेचीं अंडीं मात्र जशींच्या तशीं राहिलीं. लाजेनें व उत्कंठेनें व्याकुळ होऊन विनतेनें त्यांपैकीं एक फोडलें. आंत अरुण होता. त्याचा वरचा अर्धा देह पूर्ण झाला होता, खालचा अपुराच होता. त्यानें आईस दास्याचा शाप दिला, आणि दुसरें अंडें आणखी ५०० वर्षें जपून ठेवशील तर तोच पुत्र तुला सोडवील असें सांगितलें. त्या दुसऱ्या अंड्यांतून गरुड निघाला.

या कथेंत आम्हांस दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या वाटतात. पहिली अशी कीं, मातेच्या अंगाच्या उबेवांचून, भांड्यांत ठेवूनही अंडें वाढूं शकतें, ही कल्पना कथाकारास अपरिचित नव्हती. दुसरी अशी कीं, विनता ही दुष्ट स्त्री नव्हती. तिनें जें केलें तें पुत्राच्या ओढीनें केलें. मोझरीच्या मुलाची व आमची जात तीच.

कथा सोडून प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळलें तर कोंबडीवांचून अंडीं उबविण्याची कला मिसर आणि चीन या दोन देशांत प्राचीन काळापासून नांदत आलेली दिसते. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत ॲरिस्टॉटलनें लिहून ठेविलें आहे कीं, मिसर देशचे लोक अंडीं शेणखताच्या ढिगांत पुरून उबवितात. सिराक्यूज नगरांतील एका मद्यप्याचीही हकीकत त्यानें दिली आहे: हा गृहस्थ चटईखालीं जमिनींत अंडीं ठेवी आणि पिलें निघेपर्यंत त्या चटईवर बसून मद्य पीत राही! रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो कीं, टायबेरियसच्या वेळीं गरोदर असतांना लिव्हियानें पुत्र होणार कीं कन्या हें जाणण्याकरितां एक अंडें आपल्या उराशीं बाळगून उबविलें, आणि तिला तें बाजूस ठेवावें लागे तेव्हां दाई तें आपल्या उराशीं धरी.

मिसरी लोकांनीं पुढें या कामासाठीं कच्च्या विटांच्या प्रचंड भट्ट्या बांधल्या. मधोमध एक बोळ, दोन्ही अंगांस खोल्यांच्या रांगा. खालच्या दालनांत अंडीं, वरच्या दालनांत शेण व भुसा यांचा मंद जाळ. उष्णतामापक यंत्र त्यांच्यापाशीं नव्हतें. भट्टीवाला अंडें उचलून आपल्या पापणीस लावी आणि ऊब ठीक आहे कीं नाहीं तें सांगे. नाईलच्या मुखप्रदेशांतील बर्मे गांवच्या लोकांची या कामांत ख्याति होती, आणि ही विद्या तेथें बापाकडून मुलाकडे जाई. गांवकऱ्यांनीं दिलेल्या दर तीन अंड्यांमागें दोन पिलें परत करावयाचीं, त्याहून अधिक निघालीं तर तीं भट्टीवाल्याचीं, असा करार असे. एकतृतीयांश अंडीं वायां जाणारच हें दोन्ही पक्षांनीं मुकाट्यानें मान्य केलेलें होतें.

युरोपास या भट्ट्यांचें मोठें नवल वाटलें. सतराव्या शतकाच्या आरंभीं ड्रेबेल नांवाच्या डच संशोधकानें आपली उष्णता आपणच आवरून धरणारी शेगडी तयार केली व ती अंडीं उबविण्याकडे लाविली. १७४९ सालीं रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञानें पॅरिस येथें या विषयावर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. त्यानें मिसरी भट्टीचें वर्णन केलें, शेणखतांत पिंपें पुरून स्वतः प्रयोग केले, आणि पापणीच्या जागीं उष्णतामापक आणला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८७९ च्या सुमारास कॅलिफोर्नियांत बाइस यानें व १८८१ सालीं इंग्लंडांत हिअरसन यानें केलेलीं यंत्रें बाजारांत आलीं, आणि उबवणी हा कारखान्याचा धंदा झाला.

याच सुमारास एक विलक्षण गोष्ट घडली. १८७८ सालीं पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयांत टार्निए नांवाच्या प्रसूतितज्ज्ञानें कोंबडीचीं पिलें उबविण्याचें यंत्र पाहिलें, आणि अपुऱ्या दिवसांच्या मानवी अर्भकांसाठीं तसलीच पेटी आपल्या रुग्णालयांत करविली. २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या अर्भकांतील मृत्यूचें प्रमाण त्यामुळें शेंकडा ६६ वरून ३८ वर आलें. पुढें शंभर वर्षांनीं, १९७८ सालीं, पेट्या अपुऱ्या पडूं लागल्या तेव्हां कोलंबियांतील बोगोटा येथें डॉक्टर रे यांनीं अशीं अर्भकें आईच्या उघड्या छातीशीं बांधण्यास आरंभ केला. आमच्या विदर्भांत गडचिरोली जिल्ह्यांतील ३९ खेड्यांत डॉक्टर अभय व राणी बंग यांनीं गांवच्याच स्त्रियांकरवीं नवजातांस घरींच ऊब, दूध व औषध देऊन मृत्यु किती टाळतां येतात हें १९९९ सालीं जगापुढें मांडलें. कोंबडीपासून यंत्रानें घेतलेली विद्या अशा रीतीनें मनुष्याच्या आईपर्यंत येऊन पोंचली.

आतां मूळ कोड्याकडे वळूं. कोंबडीचें अंडें २१ दिवसांत पुरें होतें. ऊब सुमारें ३७.५ अंश सेल्सिअस लागते. पहिले १८ दिवस अंडें दिवसांतून अनेक वेळां फिरवावें लागतें, नाहीं तर गर्भ कवचास चिकटतो. खुडूक कोंबडी हें काम चोंचीनें आपोआप करीत असते. अठराव्या दिवसानंतर मात्र फिरविणें बंद करावयाचें, कारण पिलूं बाहेर पडण्याच्या पवित्र्यांत येतें. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीं तें अंड्याच्या रुंद टोंकाकडील हवेच्या पोकळींत चोंच घालतें व आयुष्यांतला पहिला श्वास घेतें. नंतर चोंचीवरील लहानशा कठीण कण्यानें तें कवचास टोंचा मारतें. हीच ती चांदणी.

येथून पुढें १२ ते २४ तास पिलूं निपचित असल्यासारखें दिसतें, आणि नेमका येथेंच दयाळू मनुष्य फसतो. बाहेरून जी विश्रांति दिसते तें आंत चाललेलें सर्वांत मोठें काम असतें. कवचाच्या आंतील पडद्यांतून पसरलेलें रक्त हळूहळू पिलाच्या देहांत परततें, उरलेला बलक बेंबीवाटे पोटांत ओढला जातो, आणि श्वासाचें काम पडद्याकडून फुप्फुसाकडे येतें. हें पुरें झाल्यावरच पिलूं आंतल्या आंत फिरत कवच गोल कापतें व टोपण उडवितें. त्यापूर्वीं कवच सोललें तर भरलेल्या रक्तवाहिन्या फाटतात आणि बलक बाहेरच राहतो. आमचें पिलूं याच कारणानें मेलें. अरुणाचा अपुरा राहिलेला देह हें आतां आम्हांस नुसतें कवीचें कल्पनाचित्र वाटत नाहीं.

पोटांत गेलेल्या या बलकानें एक मोठा व्यापारही उभा केला. त्याच्या बळावर पिलूं दोन-तीन दिवस अन्नपाण्यावांचून राहूं शकतें, म्हणून एक दिवसाचीं पिलें दूरदेशीं धाडतां येतात. १९१८ पासून अमेरिकेचें टपालखातें तीं स्वीकारूं लागलें. हिंदुस्थानांत इज्जतनगर येथें १९३९ सालीं कुक्कुटसंशोधनाचा विभाग निघाला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळांत मुंबईसह पांच ठिकाणीं मध्यवर्ती पैदास केंद्रें स्थापन झालीं. महाराष्ट्र सरकारनें पुणें, कोल्हापूर, छत्रपति संभाजीनगर व नागपूर येथें अंडीं उबवणी केंद्रें चालविलीं. आणि १९७१ सालीं बी. व्ही. राव यांनीं आरंभिलेल्या व्यंकटेश्वर हॅचरीज या संस्थेनें पुढें पुण्यास ठाण मांडून हा धंदा देशभर पसरविला.

या प्रगतीची किंमतही सांगितली पाहिजे. खुडूक बसलेली कोंबडी अंडीं घालीत नाहीं, म्हणून निवडीनें अशा जाती वाढविण्यांत आल्या कीं ज्यांस खुडूक होणेंच ठाऊक नाहीं. लेगहॉर्न कोंबडीखालीं अंडीं ठेविलीं तर ती बहुधा उठून जाते. शिवाय अंड्यांच्या जातींतील नर पिलांचा व्यापारास उपयोग नसल्यामुळें तीं जन्मदिवशींच मारलीं जातात. जर्मनीनें २०२२ च्या आरंभापासून याला कायद्यानें बंदी केली. ज्या पिलास सुखरूप बाहेर आणण्याकरितां दोन हजार वर्षें मनुष्यानें बुद्धि खर्चिली, त्यास बाहेर येतांच टाकून देणें ही गोष्ट प्रत्येक विचारी वाचकास टोंचल्यावांचून राहणार नाहीं.

वऱ्हाडांत या विद्येपुढें आणखी एक अडचण आहे. मिसरी भट्टीवाल्यास ऊब द्यावी लागे. वऱ्हाडांत वैशाखांत ती कमी करावी लागते. अकोला-अमरावतीकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. ऊब थोडी कमी पडली तर पिलूं उशिरां निघतें. कोंबडीही रोज थोडा वेळ चरावयास उठतेच. परंतु ऊब चार-पांच अंशांनीं वाढून तशीच राहिली तर गर्भ मरतो. त्यांत हवा इतकी कोरडी कीं चीर पडल्यावर आंतील पडदा सुकून पिलास चामड्यासारखा आवळतो. खरें साह्य लागतें तें येथें. शेवटचे तीन दिवस ओलावा वाढवावा, झांकण वारंवार उघडूं नये. चीर पडून २४ तास उलटले, कांहींच प्रगति नाहीं आणि पडदा पांढरा कोरडा दिसतो, तर तो कोमट पाण्यानें ओलवावा; हवेच्या पोकळीवरील कवच तेवढें कणाकणानें काढावें; आणि रक्ताचा एक थेंब दिसतांच हात आंवरावा.

मोझरीच्या आजीनें यांतलें कांहीं वाचलेलें नव्हतें. दुपारभर तिनें खोक्यांतला दिवा विझवून ठेवविला होता. नातवाचा हात थांबविल्यावर ती उठली, एक गोणपाट माठाच्या पाण्यांत भिजवून पिळलें आणि ओसरीच्या तोंडाशीं उन्हाआड टांगलें. वाटींतलें पाणी आटलें होतें, तें तिनें भरावयास लाविलें. मग ती पुन्हां आपल्या जागीं जाऊन बसली.

दिवेलागणीस आम्ही निघालों तेव्हां चीर निम्म्या वाटेनें फिरली होती. आणखी दोन अंड्यांवर नवीन चांदण्या उमटल्या होत्या. बाकीचीं गप्प होतीं. मुलगा दोन्ही हात काखेंत घट्ट दाबून खोक्यासमोर बसला होता.