षष्ठीचा प्रत्यय : क्रूझर मोटरसायकल आणि तिचा अनामिक कर्ता

सोलापूर–वाडी लोहमार्गावरील दुधनी हे महाराष्ट्राच्या अगदी कडेचे गाव. अक्कलकोट तालुक्यातील तुरीची ही बाजारपेठ. इथे मराठीच्या बरोबरीने कन्नड कानावर पडते आणि रस्त्यावर ‘एमएच १३’ व ‘केए ३२’ या दोन्ही मालिकांच्या गाड्या भेटतात. पहिली मालिका सोलापूरची, दुसरी कलबुर्गीची. गाडीची पाटी जिल्हा सांगते, कागदपत्रे मालक आणि कारखाना सांगतात. त्या गाडीला तिचे आजचे रूप ज्याच्या हातांनी दिले, त्याचे नाव मात्र पाटीवरही नसते आणि कागदावरही नसते. साहित्याच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अपरिचित नाही. मौखिक परंपरेतील कितीतरी रचनांचा कर्ता असाच हरवलेला आहे. क्रूझर मोटरसायकलचा इतिहास आम्हाला याच प्रश्नाच्या अंगाने वाचावासा वाटतो : ही गाडी कोणाची?

क्रूझर म्हणजे काय, हे आधी पाहू. बसण्याची जागा जमिनीलगत, दोन चाकांतील अंतर अधिक, हँडल उंच आणि चालकाच्या बाजूला झुकलेले, पायांची जागा पुढे, आणि पुढचा चिमटा नेहमीपेक्षा अधिक कललेला. या रचनेचे फायदे-तोटे ठरलेले आहेत. कललेल्या चिमट्यामुळे गाडी सरळ रस्त्यावर स्थिर राहते, परंतु बाजाराच्या गर्दीत वळवताना जड लागते. पाय पुढे असल्याने चालकाला पावलांवर भार देऊन उठता येत नाही, त्यामुळे खड्ड्याचा धक्का थेट मणक्याला बसतो. थोडक्यात, ही गाडी ज्या लांब, सपाट, मोकळ्या रस्त्यांची कल्पना करून घडवली गेली, ते रस्ते अमेरिकेतले होते. ती आपल्याकडे आली तेव्हा तिच्यात फेरफार होणे अटळ होते.

वस्तुतः हा प्रकारच फेरफारातून जन्मला. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेतील तरुणांनी हार्ले-डेव्हिडसनच्या अवजड गाड्यांचे मडगार्ड कापले, अनावश्यक वाटणारे भाग काढून टाकले आणि वजन घटवले. पुढे चिमटा लांबवला गेला, हँडल उंचावले, आणि ‘चॉपर’ नावाचा प्रकार रूढ झाला. १९६९ सालच्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने तो जगभर पोहोचवला. त्यातील तारे आणि पट्टे रंगवलेली टाकी असंख्य भिंतींवरच्या पोस्टरांत गेली. ती गाडी ज्यांनी घडवली, ते क्लिफ वॉझ आणि बेन हार्डी हे दोघेही कृष्णवर्णीय होते. वॉझ नागरी हक्कांच्या चळवळीत वावरलेला, हार्डी लॉस एंजलिसमधील कसबी मेकॅनिक. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे नव्हती आणि पुढची कित्येक दशके ती फारशी कोणाला ठाऊकही नव्हती. स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून जी वस्तू मिरवली गेली, तिच्या निर्मात्यांच्या वाट्याला अनामिकत्व आले. क्रूझरच्या इतिहासातील ही पहिली आणि सर्वांत बोलकी विसंगती होय.

आपल्याकडे मोटरसायकल आधी ध्वनी म्हणून भाषेत शिरली. ‘फटफटी’ हा अनुकरणवाचक शब्द मराठीने स्वतः घडवला. त्यामागे यंत्रशास्त्र आहे. जुन्या बुलेटचे इंजिन एका सिलिंडरचे, ३४६ सीसीचे. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, तर दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. म्हणजे इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला जेमतेम आठ ठोके. इतके ठोके कान वेगवेगळे ऐकू शकतो. चार सिलिंडरच्या वेगवान गाडीत ते एकमेकांत मिसळून घोंघावतात आणि तिथे ‘फटफटी’ हा शब्द लागू पडत नाही.

ही बुलेट मूळची इंग्लंडमधील रेडिच गावची. १९५५ साली ‘मद्रास मोटर्स’ आणि मूळ कंपनी यांच्या भागीदारीतून ‘एनफिल्ड इंडिया’ उभी राहिली. सुट्या भागांच्या जुळणीपासून आरंभ होऊन पुढे संपूर्ण गाडी मद्रासला बनू लागली. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील मूळ कंपनी संपली आणि भारतातील आवृत्ती हीच जिवंत आवृत्ती उरली. तिच्यात फार काही बदलत नव्हते, म्हणूनच गॅरेजच्या मिस्त्रीला ती पाठ झाली. त्याने तिला उंच हँडल लावले, दोन तुकड्यांची गादी बसवली, लेथवाल्याकडून सुटे भाग घडवून घेतले. सायलेन्सरची तर ‘पंजाब’, ‘इंदोरी’, ‘शॉर्ट बॉटल’ अशी स्वतंत्र परिभाषाच तयार झाली. गरजेपोटीही फेरफार झाले. पेट्रोल परवडत नाही म्हणून बुलेटच्या सांगाड्यात छोटे डिझेल इंजिन बसवणाऱ्या कार्यशाळा देशात होत्या. खुद्द एनफिल्डनेही ‘टॉरस’ या नावाने डिझेल बुलेट विकली. हौसेचा फेरफार आणि गरजेचा फेरफार यांत गॅरेजने कधी भेद केला नाही. दोन्हींना लागणारे वेल्डिंग तेच होते.

क्रूझर हा आकार कारखान्यातूनच तयार मिळू लागला, तो या शतकाच्या आरंभी. २००१ साली पुण्याच्या बजाज ऑटोने कावासाकीच्या साह्याने १७५ सीसीची ‘एलिमिनेटर’ आणली. २००२ मध्ये एनफिल्डची ‘थंडरबर्ड’ आली. एलिमिनेटर सामान्य ग्राहकाला महाग पडली. २००५ मध्ये बजाजने तोच आकार ठेवून, पल्सरच्या जातकुळीचे १८० सीसी इंजिन घातलेली ‘ॲव्हेंजर’ काढली आणि क्रूझर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. स्वतः हार्ले-डेव्हिडसनने २००९ साली भारतात येण्याची घोषणा केली, २०२० साली इथला स्वतंत्र कारभार आवरला, आणि त्यानंतर हिरो मोटोकॉर्पशी करार करून २०२३ मध्ये ‘एक्स ४४०’ ही भारतात बनणारी गाडी बाजारात उतरवली. परदेशी मोठे नाव इथे टिकण्यासाठी त्यालाही स्थानिक हात शोधावा लागला, हे लक्षणीय आहे.

याच काळात, २०१० च्या सुमारास, मुंबईत अक्षय वर्दे यांनी फेरफार केलेल्या मोटरसायकली घडवणारे आपले केंद्र सुरू केले. त्याचे नाव ‘वर्देंची’. परभाषकाला हे नाव इटालियन वाटू शकेल. मराठी वाचकाला मात्र ते लगेच उलगडते. आडनाव, आदरार्थी अनेकवचनाचे सामान्यरूप आणि षष्ठीचा ‘ची’ हा प्रत्यय. ‘ची’ हा स्त्रीलिंगी प्रत्यय पुढच्या नामाकडे बोट दाखवतो, आणि गाडी मराठीत स्त्रीलिंगीच आहे. बहुतेक वेळा मूळ सांगाडा एनफिल्डचा असे. तिच्यावर काम झाले की ती वर्देंची होई. शतकभर जो कर्ता पडद्याआड होता, त्याने अखेर एका प्रत्ययाच्या बळावर आपल्या कृतीखाली सही केली, असे आम्ही या नावाचे वाचन करतो.

मात्र कायद्याच्या व्याकरणात या षष्ठीला जागा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ ठामपणे उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड अशी तरतूद केली. सीएनजीसारख्या वेगळ्या इंधनासाठी आणि अपंग व्यक्तींसाठी करावयाच्या बदलांना सवलत आहे. एरवी कायद्याला फक्त निर्माता आणि मालक ही दोनच पात्रे दिसतात.

सीमेवरच्या गावाला याची झळ अधिक लागू शकते. एका राज्यात नोंदवलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहिली, की कलम ४७ नुसार तिला नवा क्रमांक घ्यावा लागतो. दुधनीच्या माणसाने पलीकडच्या आळंद किंवा अफजलपूर तालुक्यातून गाडी घेतली, तर ती कागदांसह तपासणीला उभी राहणार. तिथे चॅसीचा आणि इंजिनाचा क्रमांक ताडून पाहिला जातो. सांगाडा कापलेला असेल किंवा इंजिन दुसरे असेल, तर मालकाजवळ उत्तर नसते. मिस्त्रीजवळ ते असते, पण त्याला कोणी विचारत नाही.

इथे दुसरी बाजू मांडणे प्रामाणिकपणाचे ठरेल. १७५ सीसीवरील दुचाकीला निर्मितीच्या टप्प्यावर ८० डेसिबलची मर्यादा आहे. आतली जाळी काढलेला सायलेन्सर ती सहज ओलांडतो आणि रुग्ण, बालके, वृद्ध यांची झोप मोडतो. राज्यातील अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले, त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. बेजबाबदारपणे कापलेला सांगाडा जीव घेऊ शकतो. आक्षेप आहे तो सरसकटपणाला. कर्कश सायलेन्सर आणि कुशलतेने घडवलेली गाडी यांना कायदा एकाच ओळीत उभे करतो. जर्मनीत तांत्रिक तपासणी संस्था बदल पारखतात आणि तो मान्य झाल्यास वाहनाच्या कागदपत्रांत नोंदवला जातो. तिथे बदल हा संहितेचा भाग होतो. आपल्याकडे तो सापडेपर्यंत लपवायचा अपराध ठरतो.

याचा परिणाम केवळ हौशी चालकांवर होत नाही. कोणत्याही तालुक्याच्या गावी वेल्डिंग, लेथ, रंगकाम, गादीकाम ही कौशल्ये एकमेकांच्या आधाराने जगतात. त्यांची परीक्षा नाही, पदवी नाही, नोंद नाही. नोंद नसल्याने चांगल्या मिस्त्रीचा गौरव होत नाही आणि वाईट मिस्त्रीची जबाबदारीही ठरत नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी ओव्या गोळा करताना गाणारणीचे नाव आणि गाव टिपण्याची शिस्त फार उशिरा अंगी बाणवली, तोवर असंख्य नावे पुसली गेली होती. यंत्रांच्या बाबतीतही तेच घडत आहे. नोंदणी पुस्तकात निर्मात्याच्या आणि मालकाच्या नावाखाली आणखी एक ओळ असावी, आणि त्या ओळीत बदल कोणता व तो कोणाच्या हातचा हे लिहिलेले असावे, एवढीच ही मागणी आहे. ती मान्य झाली तर दुधनीच्या एखाद्या मिस्त्रीच्या नावालाही षष्ठीचा प्रत्यय लागेल, आणि बिघडलेल्या कामाचा जाब विचारायचा झाला तर तो कोणाला, हेही कळेल.